शीटवरची बटणं : काही टिपणं

एक्सेलमध्ये बटण करायला लागणारा 'डेव्हलपर' टॅब मुळात दिसतच नाही. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइज रिबन असं जाऊन उजवीकडच्या यादीत डेव्हलपरपुढे टिक करावी लागते. वर्षानुवर्षं एक्सेलवर हिशेब ठेवणाऱ्या कित्येकांनी हा टॅब पाहिलेला नसतो, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. एकदा तो आला की इन्सर्टमधून बटण उचलायचं आणि शीटवर चौकोन ओढायचा. माऊस सोडल्याबरोबर मॅक्रोंची, म्हणजे लिहून ठेवलेल्या आपोआप चालणाऱ्या कामांची, यादी समोर येते, त्यातला हवा तो निवडायचा. मॅक्रो तयार असेल तर यात वेळ जात नाही. वेळ द्यायला हवा तो पुढच्या गोष्टींना. बटणावर काय लिहायचं, ते कुठे ठेवायचं, आणि आपण जवळ नसताना दुसऱ्या कुणी ते दाबलं तर काय होईल?

*

साधं फॉर्म बटण करडंच राहतं. अक्षरांचा रंग बदलता येतो, बटणाचा नाही. म्हणून मी शेप वापरतो: गोल कोपऱ्यांचा आयत काढायचा, राइट क्लिक, 'असाइन मॅक्रो'. रंग दोनच ठेवावेत. रोज दाबायच्या बटणांचा एक, आणि ज्याचं काम मागे फिरवता येत नाही त्याचा दुसरा. इंद्रधनुष्य केलं की रंगाला अर्थच उरत नाही.

जोडलेला शेप नुसता हलवायचा असेल तर कंट्रोल धरून क्लिक करावं, म्हणजे मॅक्रो सुरू होत नाही. ऑल्ट धरून ओढलं की तो सेलच्या रेषांना नेमका बसतो. गुणधर्मांत 'सेलबरोबर हलू नको, आकार बदलू नको' हा पर्याय निवडायलाच हवा. नाहीतर कुणी फिल्टर लावला, काही ओळी लपल्या, की बटणं चेपून रेघेएवढी होतात आणि फोन येतो: बटण गेलं! तिथेच 'प्रिंट ऑब्जेक्ट'ची टिक काढून ठेवावी. बिलाच्या कागदावर 'बिलं काढा' असं बटण छापून येणं बरं दिसत नाही.

जागा: शीटच्या वरच्या दोन-तीन ओळी, आणि त्या फ्रीझ केलेल्या.

*

१९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्ये मॅक्रो म्हणजे सेलमध्ये लिहून ठेवलेला कळांचा क्रम. त्या सेलला उलटी तिरकी रेघ आणि एक अक्षर असं नाव द्यायचं. मग ऑल्टबरोबर ते अक्षर दाबलं की लिहिलेल्या कळा आपोआप दाबल्यासारखं काम होत जाई. कोणतं अक्षर कशासाठी, हे ज्याला ठाऊक त्यालाच त्याचा उपयोग. एक्सेलमध्ये व्हीबीए ही मॅक्रो लिहायची भाषा आली १९९३ च्या पाचव्या आवृत्तीत. तिच्यात कितीतरी अधिक ताकद होती, पण मॅक्रोंच्या यादीत जाऊन नाव शोधायचं म्हटलं तर तीही जाणकारापुरतीच. बटणाचं मोल इथे आहे: शीट उघडणाऱ्याला इथे काय काय करता येतं ते समोर दिसतं. त्याला विचारावं लागत नाही, लक्षात ठेवावं लागत नाही.

*

बटणावर क्रियापद हवं. 'हिशेब', 'डेटा', 'रिपोर्ट' या नावांवरून काहीच कळत नाही. हिशेब दाखवणार, नव्याने करणार, की पुसणार? 'या महिन्याची बिलं काढा', 'थकबाकीदारांची यादी छापा', 'नवीन वर्षाची कोरी फाइल करा' असं लिहिलं की दाबणाऱ्याला बोट ठेवण्याआधी परिणाम ठाऊक असतो. जागा पुरत नसेल तर बटण मोठं करावं, नाव छोटं करू नये.

*

गृहनिर्माण संस्थांच्या फाइली मी बऱ्याच पाहिल्या आहेत, आणि बटणांचा खरा कस तिथेच लागतो. देखभाल शुल्काची बिलं, आलेल्या रकमा, थकबाकी, व्याज. साठ-सत्तर सदनिका असतात, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं एवढा पसारा नाही आणि हाताने करावं एवढा थोडाही नाही. कुणीतरी हौसेने एक्सेलची फाइल करून देतो. तो पुढे भाडेकरार संपून जातो, किंवा नोकरीसाठी दुसऱ्या गावी जातो. खजिनदार बदलतो. फाइल राहते.

एका संस्थेत मावळते खजिनदार नव्या खजिनदार बाईंना फाइल सोपवत होते. बाईंनी एका बटणावर बाण नेऊन विचारलं, "काका, हे दाबलं की मागच्या महिन्याचं जाईल का हो?" काकांनी खरं ते सांगितलं, "मी ते कधी दाबलंच नाही. भीती वाटायची." बटणावर लिहिलं होतं 'प्रोसेस'.

काकांची भीती रास्त होती. मॅक्रो उघडून पाहिला तर तो थकबाकीवर महिन्याचं व्याज लावणारा निघाला. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे असं व्याज सरळ, आणि जास्तीत जास्त द.सा.द.शे. २१. दहा हजारांच्या थकबाकीवर महिन्याला १७५ रुपये. हे बटण चुकून दोनदा दाबलं गेलं की ३५०. सभासदाच्या बिलात ते बेमालूम मिसळतं. तो भांडायला येतो तेव्हा खजिनदाराकडे उत्तर नसतं, कारण दुसऱ्यांदा कधी दाबलं गेलं याची नोंद कुठेच नाही.

इथे 'अनडू'ही मदतीला येत नाही. मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की एक्सेल मागच्या पायऱ्यांची यादी पुसून टाकतं. कंट्रोल-झेड दाबून काही परत येत नाही. हे फार थोड्यांना माहीत असतं, आणि ज्यांना कळतं त्यांना बहुधा नुकसान झाल्यावर कळतं.

म्हणून पैशांना हात लावणाऱ्या प्रत्येक बटणामागे मला चार गोष्टी हव्या असतात. पहिल्याच ओळीत मॅक्रोने फाइलीची तारीख-वेळेसह प्रत काढावी. मग 'नोंदवही' नावाच्या शीटवर पाहावं की या महिन्याचं व्याज आधीच लागलं आहे का. लागलं असेल तर तसं सांगून थांबावं. काम झाल्यावर त्याच नोंदवहीत तारीख, किती सभासदांना लागलं आणि एकूण किती रुपये, ही ओळ लिहावी. आणि व्याजाचा दर मॅक्रोच्या पोटात न ठेवता शीटवरच्या सेलमध्ये, शेजारी ठराव कोणत्या सर्वसाधारण सभेत झाला ते लिहून ठेवावा. सभा दर कमी करू शकते. दर बदलला म्हणून खजिनदाराला प्रोग्रामर शोधावा लागू नये.

*

आधी सगळं तपासावं, मग लिहायला सुरुवात करावी. एखाद्या सेलमध्ये रकमेच्या जागी 'येणे' असा शब्द असला की चाळिसाव्या ओळीवर मॅक्रो अडतो. एकोणचाळीस जणांना व्याज लागलेलं, बाकीच्यांना नाही. अर्धं झालेलं काम न झालेल्या कामापेक्षा वाईट, कारण ते निस्तरताना दोन्ही गटांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

*

रेकॉर्डर. शिकायला याच्यासारखी सोय नाही. आपण हाताने काम करायचं, एक्सेल ते व्हीबीएत लिहून घेतं. पण ते जसंच्या तसं लिहितं: ए-दोनपासून ए-बासष्टपर्यंत निवडलं तर कायम तेवढंच. पुढच्या महिन्यात त्रेसष्टावी ओळ आली की ती बाहेर राहते, आणि कुठे काही चूक झाल्याची खूण दिसत नाही. बेरीज येते, छापील दिसते, कमी असते. रेकॉर्ड केलेल्या मॅक्रोत हा एक बदल तरी करून घ्यावाच: शीटच्या अगदी तळाच्या ओळीपासून वर चढत जाऊन शेवटची भरलेली ओळ शोधायची, आणि तिथवरच काम करायचं. तळापासून वर, कारण वरून खाली आलं तर मधल्या पहिल्या रिकाम्या सेलपाशीच थांबायला होतं.

तळ कुठे हेही फाइलीच्या प्रकारावर ठरतं. जुन्या एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ ओळी; २००७ पासूनच्या फाइलीत १०,४८,५७६. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात २०२० च्या शरदात कोविडचे १५,८४१ रुग्ण काही दिवस मोजणीतून निसटले, ते जुन्या प्रकारच्या फाइलीत ओळी संपल्यामुळे. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला तेवढा उशीर झाला. माहिती आपोआप एका ठिकाणाहून दुसरीकडे जात होती आणि उरलेली गळून पडत होती. किती ओळी आल्या आणि किती पोचल्या हे मॅक्रोने मोजून दाखवलं पाहिजे. दोन आकडे, शेजारी शेजारी.

*

जेपी मॉर्गन बँकेच्या लंडनमधल्या व्यवहारांत २०१२ साली सहा अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. बँकेने जानेवारी २०१३ मध्ये आपला चौकशी अहवाल काढला. त्यात म्हटलं आहे की जोखीम मोजायचं नवं मॉडेल अनेक एक्सेल फाइलींवर चालत होतं, आणि एका फाइलीतली माहिती दुसरीत हाताने कॉपी-पेस्ट करावी लागत होती. शिवाय एका सूत्रात सरासरीने भागायच्या जागी बेरजेने भागलं जात होतं, त्यामुळे जोखीम होती त्याहून कमी दिसली. तोट्याचं मूळ सौद्यांत होतं, फाइलीत नव्हे. पण या दोन दोषांतला फरक बटण करणाऱ्याने नीट समजून घ्यावा. हाताने चिकटवण्यातल्या चुका बटण खरोखर संपवतं. चुकीचं सूत्र मात्र बटण दर वेळी तितक्याच निष्ठेने चालवतं, आणि एका क्लिकमध्ये झालेल्या कामावर लोक अधिक विश्वास ठेवतात. सूत्र हाताने, कागदावर, दोन-तीन सभासदांसाठी पडताळल्याशिवाय त्याला बटण लावू नये.

*

देवनागरीचं दुखणं.

शेपवर मराठी लिहा, सेलमध्ये मराठी लिहा, काही अडत नाही. व्हीबीएच्या संपादकात मात्र देवनागरी चिकटवली की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. नेहमीच्या संदेशाच्या चौकटीतही तेच. कारण जुनं आहे. हा संपादक विंडोजच्या युनिकोडपूर्व अक्षरसंचांवर चालतो. ग्रीक, रशियन, थाई या लिपींसाठी विंडोजने तसे संच केले होते. देवनागरीसाठी केलाच नाही, तिला थेट युनिकोडमध्ये जागा मिळाली. त्यामुळे विंडोजची भाषा मराठी करूनही हा प्रश्न सुटत नाही.

मग बहुतेक जण संदेश इंग्रजीत टाकतात: 'आर यू शुअर?' हे मला पटत नाही. संस्थेची सगळी फाइल मराठीत, सभासदांची नावं मराठीत, बटण मराठीत, आणि नेमका धोक्याचा इशारा परक्या भाषेत! माणूस ती चौकट वाचत नाही, सवयीने 'येस' दाबतो. इशारा दिल्याचं समाधान करणाऱ्याला, आणि फटका दाबणाऱ्याला.

वाट आहे. 'संदेश' नावाचं एक शीट करावं आणि सगळी वाक्यं तिथे सेलमध्ये लिहावीत. मॅक्रोने वाक्य तिथून उचलावं आणि यूजरफॉर्मवरच्या, म्हणजे आपण आखलेल्या चौकटीवरच्या, लेबलमध्ये दाखवावं. तिथे देवनागरी नीट दिसते. फॉर्मवरच्या दोन बटणांची नावंही तशीच सेलमधून घेता येतात: 'हो, व्याज लावा' आणि 'नको'. आता शीटचं नाव मराठीत असेल तर ते मॅक्रोत टाइप कसं करायचं? टाइप करूच नये. प्रत्येक शीटला संपादकात एक वेगळं, आतलं नाव असतं. ते रोमन ठेवून मॅक्रोत तेच वापरावं. टॅबवरचं मराठी नाव मग कुणी कितीही बदललं तरी मॅक्रो मोडत नाही. हा फायदा इंग्रजीत काम करणाऱ्यांनीही घ्यावा असा आहे.

याचा आणखी एक लाभ झालेला पाहिला आहे. वाक्यं सेलमध्ये असल्यामुळे खजिनदार बाईंनी ती स्वतः सुधारली. 'प्रक्रिया यशस्वीरीत्या पूर्ण झाली' या जागी त्यांनी लिहिलं, 'बिलं तयार झाली. आता छापा.' माझ्यापेक्षा चांगलं वाक्य आहे.

ज्यांच्या जुन्या फाइली कृतिदेव किंवा श्री-लिपीसारख्या फॉन्टात आहेत, त्यांनी बटणांआधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा. तिथे पडद्यावर 'थकबाकी' दिसत असलं तरी सेलच्या आत दुसरीच अक्षरं असतात, आणि मॅक्रोला शोधूनही तो शब्द सापडत नाही.

लिबरऑफिसच्या बेसिकमध्ये आणि गूगल शीट्सच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये देवनागरी संदेश सरळ लिहिता येतात.

*

बटण असलेलं शीट दुसऱ्या फाइलीत कॉपी केलं की बटण जातं, पण त्याचा धागा जुन्या फाइलीतल्या मॅक्रोशीच बांधलेला राहतो. आपल्या संगणकावर जुनी फाइल हाताशी असते म्हणून सगळं चालल्यासारखं वाटतं. दुसऱ्याच्या संगणकावर 'मॅक्रो चालवता येत नाही' असं उत्तर येतं. 'पर्सनल' फाइलीत ठेवलेल्या मॅक्रोचीही तीच गत, ती फाइल फक्त आपल्याच संगणकावर असते. फाइल देण्याआधी प्रत्येक बटणावर राइट क्लिक करून 'असाइन मॅक्रो' उघडावं आणि नावाआधी दुसऱ्या फाइलीचं नाव तर नाही ना, ते पाहावं.

*

दर ओळीला 'पावती' असं बटण हवं असेल तर साठ मॅक्रो लिहू नयेत. 'ॲप्लिकेशन.कॉलर' दाबलेल्या बटणाचं नाव सांगतं. त्यावरून ते कोणत्या ओळीत बसलं आहे ते काढता येतं. एक मॅक्रो, साठ बटणं.

*

ॲक्टिव्हएक्सची बटणं दिसायला जास्त देखणी, गुणधर्म भरपूर. तरी घेऊ नयेत. मॅकवर ती चालत नाहीत. डिसेंबर २०१४ च्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभरच्या फाइलींतली ॲक्टिव्हएक्स बटणं एका रात्रीत बंद पडली; ईएक्सडी नावाच्या तात्पुरत्या फाइली शोधून पुसल्या तेव्हा ती परत चालू लागली. आता ऑफिस २०२४ मध्ये, आणि एप्रिल २०२५ पासून मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्येही, ॲक्टिव्हएक्स मुळातच बंद असतं. ज्यांच्या जुन्या फाइलींत अशी बटणं आहेत त्यांनी ती शेपवर आणून ठेवावीत.

*

साध्या एक्सएलएसएक्स फाइलीत मॅक्रो राहत नाही. बटणवाली फाइल एक्सएलएसएम म्हणूनच साठवावी लागते. नाहीतर बटण उरतं आणि त्यामागचं काम जातं.

अशी फाइल उघडली की पिवळी पट्टी येते, 'एनेबल कंटेंट'. ती उगाच येत नाही. एक्सेलमध्ये पसरणारा लारू हा मॅक्रो विषाणू १९९६ चा. मार्च १९९९ मधला मेलिसा वर्डच्या फाइलीतून आला आणि उघडणाऱ्याच्या आउटलुकमधल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवत सुटला. २०२२ पासून इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलींतले मॅक्रो ऑफिस थेट अडवतं. तेव्हा पट्टी लाल येते आणि तिच्यावर परवानगीचं बटणच नसतं. फाइल बंद करून तिच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'ला टिक करावी लागते.

फाइल करून देणारे अनेकदा सांगतात, "पिवळं आलं की दाबून टाकायचं." हे शिकवणं घातक आहे. त्याच संगणकावर उद्या कुणाचंही बिल म्हणून आलेली फाइल उघडली जाणार, आणि तेव्हाही माणूस हेच करणार. त्यापेक्षा संस्थेच्या फाइलींसाठी एक फोल्डर ठरवून ते 'ट्रस्टेड लोकेशन'मध्ये घालावं. तिथल्या फाइली पट्टीशिवाय उघडतात. म्हणजे पट्टी आली तर फाइल बाहेरची आहे, हात लावायचा नाही, एवढा सोपा नियम सांगता येतो.

*

गूगल शीट्समध्ये बटणाचं वेगळं साधन नाही. इन्सर्टमधून ड्रॉइंग काढायचं, त्यावरच्या तीन ठिपक्यांतून 'असाइन स्क्रिप्ट' घ्यायचं आणि फंक्शनचं नाव कंसाशिवाय लिहायचं. पहिल्यांदा दाबताना प्रत्येक माणसाकडे परवानगी मागितली जाते. मोबाइलच्या ॲपमध्ये ही चित्रबटणं चालत नाहीत, आणि आपल्याकडे तर निम्मं काम मोबाइलवर होतं. तिथे एका सेलमध्ये चेकबॉक्स ठेवावा. त्यात टिक पडली की 'ऑनएडिट' फंक्शनने काम करावं आणि शेवटी टिक काढून टाकावी. मोबाइलवरही हे चालतं. बटणापेक्षा कमी देखणं, पण वसुलीला फिरणाऱ्या माणसाच्या उपयोगाचं.

*

सगळ्याला बटण लावू नये. व्याज माफ करणं, सभासदाचं नाव कमी करणं, जुनी वर्षं पुसणं हे निर्णय आहेत. ते करणाऱ्याला दोन मिनिटं जास्त लागली तर बिघडत नाही. उलट लागावीत. महिन्यातून एकदा तरी होणारं, दर वेळी सारखंच असणारं, आणि हाताने करताना चुकणारं काम बटणाला द्यावं.

*

ज्यांच्या संस्थेत, शाळेत, पतसंस्थेत अशी फाइल आहे, त्यांना एक विनंती. ३१ मार्चच्या घाईत शिरण्याआधी तिची एक प्रत काढा. ती फाइल ज्याने केली नाही अशा माणसाला प्रतीसमोर बसवा आणि पैशांना हात लावणारं प्रत्येक बटण त्याला लागोपाठ दोनदा दाबायला सांगा. दुसऱ्यांदा दाबल्यावर आकडे बदलले, तर ते बटण दुरुस्त होईपर्यंत मूळ फाइलीतून काढून टाका.